तालमीतल्या मंडळींनो, भेटायला येऊ नका, पाळी लावा

प्रति,
आमच्या तालमीचे वस्ताद, पदाधिकारी, फुटबॉल संघातली आजी-माजी पोरं आणि गल्लीतली समस्त मंडळी,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

मला काय झालंय ते तुम्हाला कळलंय. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी कळलं. आपल्या गल्लीत दुधाच्या किटलीबरोबर बातमीही घरोघर जाते. गेल्या आठवड्यात अकरा जण येऊन गेले. प्रत्येकानं आवाज खाली आणला, "तसलंच हाय म्हणं?" असं विचारलं आणि जाताना सफरचंदं ठेवली. एवढ्या सफरचंदांचं काय करायचं म्हणून आमच्या मंडळींनी शेवटी त्याचा शिरा केला. तेव्हा आता सगळ्यांना एकदमच लिहितो. हे पत्र तालमीच्या फळ्यावर लावतोय आणि पोरीला सांगून मोबाईलवरही टाकतोय.

तसलं नाही, कॅन्सरच आहे. जिभेच्या मुळाशी आहे, आरशासमोर कितीही आ केला तरी दिसत नाही अशा जागी. सुरुवातीला घास गिळताना कान दुखायचा, म्हणून मी कानात तेल घालत बसलो. पुढं जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली, तर दाढेची असंल म्हणालो. तपासणीला तुकडा काढायचं ठरलं, तेव्हा आपल्याच कट्ट्यावर एक जाणता माणूस म्हणाला, "सुरी लागली की पसरतं." नाव घेत नाही, तो माझ्यापेक्षा जास्त रडून गेला परवा. पण त्या एका वाक्यापायी मी महिना घालवला. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. तो काढल्याशिवाय कुठलाही डॉक्टर औषध सुरू करत नाही, कारण कशावर मारायचं तेच ठरत नाही. चूक त्याची कमी आणि माझी जास्त. महिनाभर मला तेच ऐकायचं होतं.

आता ठरलं ते असं. ऑपरेशन नाही. रेडिएशन आणि केमो दोन्ही एकत्र. रेडिएशनला आपल्याकडं कोण लाइट म्हणतं, कोण शेक म्हणतं. एकूण 70 ग्रे (ग्रे म्हणजे लाइट मोजायचं माप) द्यायचे आहेत, रोज 2 प्रमाणे 35 वेळा. सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे सात आठवडे. केमो दर सोमवारी, सहा की सात ते रक्ताचे रिपोर्ट ठरवतील. सुरुवात 15 जूनला, आणि सगळं सरळ गेलं तर शेवटचा लाइट 31 जुलैला.

मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्या चकरा कशाला, दोन-चार दणक्यात उरकत नाही काय? ते म्हणाले, रोज थोडं दिलं की चांगल्या पेशी रात्रीत सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. पण मध्येच खाडे पडले तर त्यांनाही उसंत मिळते आणि त्या परत वाढायला लागतात. म्हणून खाडा चालत नाही. तोंड आलं म्हणून नाही, गाडी मिळाली नाही म्हणून नाही, पाऊस आहे म्हणून नाही.

आणि इथंच तुमची गरज आहे. रुग्णालय शहराबाहेर आहे. जायचं, नंबर लावायचा, टेबलावर पंधरा मिनिटं, परत यायचं. त्यात तीन तास जातात. सोमवारी केमोचा दिवस असला की सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी, कारण औषधाच्या आधी आणि नंतर बाटल्यांवर बाटल्या सलाईन चढवतात. आमच्या मंडळींना गाडी येत नाही. पोरीची नोकरी पुण्यात, तिनं सात आठवडे रजा काढली तर नोकरीच राहायची नाही. पहिले पंधरा दिवस मी बसनं जाईनही. तिसऱ्या आठवड्यापासून जमेल असं कुणी मला सांगितलेलं नाही.

तर भेटायला येऊ नका. पाळी लावा. 35 दिवस, 35 पाळ्या. तालमीत नुसती फुटबॉलची पोरं धरली तरी एवढी होतात. एकेकाच्या वाट्याला एक दिवस येईल, फार तर दोन.

आता तयारीचं सांगतो. गेले तीन आठवडे माझा उपचार सुरू नसला तरी मला एक दिवस मोकळा नाही, आणि येणारा प्रत्येक जण विचारतोय, "मग अजून सुरू का नाही केलं?"

पहिलं काम दातांचं निघालं. मी म्हणालो, जिभेला झालंय, दाताचा काय संबंध? लाइट जबड्यातूनच जातो. त्यानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो तो कायमचा. मग पुढं कधीही दाढ काढायची वेळ आली तर जखम भरत नाही, हाडच कुजायला लागतं. म्हणून ज्या दाढा आज ना उद्या जाणार आहेत त्या आधीच काढायच्या आणि जखम भरायला दोनेक आठवडे द्यायचे. माझ्या चार गेल्या. तंबाखूची गोळी जिथं एकतीस वर्षं ठेवली त्याच बाजूच्या चारही. दाताच्या डॉक्टरांनी त्या ट्रेमध्ये ठेवून दाखवल्या, मुळापर्यंत काळ्या. मी मागून घेतल्या नाहीत.

दुसरं काम कानाचं. केमोचं माझं औषध सिसप्लॅटिन. त्यात खरोखरचं प्लॅटिनम असतं. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, आपल्या दोस्तानं हे ऐकून भाव विचारला, त्याला तेवढंच सुचतं. हे औषध किडनीवर आणि कानावर जातं. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी किती काम करते ते, बघितलं आणि मग एका बंद खोलीत कानाला हेडफोन लावून आवाज ऐकवले. बारीक शिट्टीसारखे आवाज मला ऐकूच आले नाहीत. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, कुठं काम करता?" उद्यमनगरात लेथवर, म्हणालो. त्यांनी मान हलवली. म्हणजे वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कारखान्यानं आधीच खाल्लंय. तो कागदही फाइलला लागला. पुढं मी "काय म्हणलास?" असं दोनदा विचारलं तर म्हाताऱ्याला ऐकू येईना म्हणून हसू नका.

किडनीवरून आणखी एक. मला आतापर्यंत तीन काढे, एक मुळी आणि कसलं तरी भस्म आलंय. प्रेमानं आणलंय हे कळतं. पण केमो चालू असताना कुठल्या पाल्यात काय आहे आणि ते किडनीवर काय करेल, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी दुखण्याची साधी गोळीसुद्धा घ्यायची नाही. त्या वस्तू मंडळींनी कपाटात ठेवल्यात, ज्याच्या त्यानं परत न्याव्यात.

तिसरं काम मुखवट्याचं, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की ही आपल्याच धंद्यातली माणसं आहेत.

जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथच्या चकमध्ये (पकडीत) नीट धरला नाही तर टूल भलतीकडं जातं, हे तुमच्यापैकी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथं जॉब मी होतो. पांढऱ्या प्लॅस्टिकची जाळी असलेली शीट गरम पाण्याच्या टबात टाकली. दोन-तीन मिनिटांत ती भाकरीच्या पिठासारखी लिबलिबीत झाली. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती माझ्या तोंडावर ओढली आणि थेट खांद्यापर्यंत खाली दाबली. गरम लागते, पण चटका बसत नाही. मग नाकाभोवती, हनुवटीखाली, मानेच्या खाचांतून बोटांनी दाबत राहिले. थंड होता होता ती आवळत गेली. दहाएक मिनिटांत कडक. कडा टेबलाला खटाखट अडकवल्या. मला पापणी हलवता येत होती, श्वास घेता येत होता, बाकी एक सूतही हलता येत नव्हतं. यालाच आपण फिक्श्चर म्हणतो! त्याच अवस्थेत सीटी स्कॅन काढला आणि मुखवट्यावर खुणा केल्या. आता रोज मशीनवर त्याच खुणांवर लेझरच्या रेषा जुळवायच्या. टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, मिलिमीटरांत. मी त्या पोराला विचारलं, सेटिंग रोज चेक करता काय? म्हणाला, "रोज सकाळी, पहिला पेशंट घ्यायच्या आधी." बरं वाटलं.

भीती वाटली का, तर वाटली. छातीत धडधडलं. हातात एक बटण दिलेलं असतं, फारच झालं तर दाबायचं. मी गोलपोस्टमध्ये उभा आहे आणि समोर पेनल्टी आहे असं धरून शंभर आकडे मोजले.

या मुखवट्यापायी माझ्या मिशा गेल्या. दाढी-मिशी राखून मुखवटा घट्ट बसत नाही, आणि लाइटच्या वाटेवरचे केस पुढं तसेही झडणारच आहेत. तेव्हा घरी कुणी मयत झालंय काय असं तोंड करून बघू नका. नवीन तोंडाची मलाच अजून सवय झालेली नाही, दाढी करताना दचकतो.

स्कॅन झाला तरी लाइट लगेच सुरू होत नाही. डॉक्टर त्या स्कॅनच्या प्रत्येक कापावर रेषा मारतात, कुठं द्यायचं आणि लाळेच्या गाठी, मणका असं काय काय वाचवायचं ते ठरवतात. मग भौतिकशास्त्रातली माणसं हिशेब करतात, मशीनवर पडताळतात. आठ-दहा दिवस त्यात जातात. म्हणजे ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि ट्रायल. त्याशिवाय जॉब लावायचा नसतो. "अजून सुरू का नाही" याचं उत्तर मिळालं असंल.

पैशाचं. वर्गणी काढायची चर्चा कट्ट्यावर चालू आहे असं ऐकलं. काढू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलंय. पूर्वी तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, आता पाच लाख आहे. आरोग्यमित्र म्हणून रुग्णालयातच खिडकीवर माणूस असतो, त्याच्याकडं रेशनकार्ड आणि आधार द्यायचं आणि मंजुरीची वाट बघायची. माझे चार दिवस गेले ते फक्त रेशनकार्डावर 'बाळासो' आणि आधारवर पाळण्यातलं नाव असल्यामुळं. निम्म्या कोल्हापूरचं हेच असणार. तुमची कार्डं आज काढून बघा, दुखणं यायची वाट बघू नका.

आणि माझा डिजिटल फलक लावू नका. 'लवकर बरे व्हा' असा फोटो चौकात लागलेला मी सहन करणार नाही, त्यातून मिशीवाला जुना फोटो तर अजिबात नाही.

खाण्याचं सांगतो, कारण आपल्याकडं माणसाला दुसरं काही देताच येत नाही. आत्ता मला खायला हवंय. वजन 71 किलो आहे, आणि ते उतरलं तर अशक्तपणा येतोच, वर मुखवटा सैल होतो. मग नवीन मुखवटा, नवीन स्कॅन आणि परत सगळं प्लॅनिंग. म्हणून या दोन आठवड्यांत जेवढं आत जाईल तेवढं घालतोय. तांबडा रस्सा बंद झाला. पांढरा तरी चालेल म्हणून मंडळींनी केला, तर त्यातली मिरी दाढा काढलेल्या जागेवर अशी बसली की ताट सारून उठलो. मिसळ तुमची तुम्हाला लखलाभ. लाइट सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटणार, चव जाणार, लाळ चिकट होऊन मग आटणार. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून कितीतरी वेळा चूळ भरायची. गिळायचे आणि तोंड उघडायचे व्यायाम आत्तापासूनच दिलेत. रोज तीन बोटं उभी मावतात का बघतो, आज अडीच मावली. गिळणं फारच अवघड झालं तर नाकातून नळी घालून त्यातून दूध, पेज, अंडं घालून केलेलं पातळ असं द्यायचं. तसा दिसलो तर पोरांना आधी सांगून ठेवा, घाबरतील.

दुधावरून आठवलं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासात घेऊन उभ्या उभ्या प्यायचं, हे आपण पोरवयापासून करत आलो. बाळूच्या बापानं परवा "रोज दोन ग्लास पी, काय होत नाही" म्हणून सांगितलं. आता ते बंद. केमोनं पांढऱ्या पेशी उतरतात, अशा वेळी कच्च्या दुधातला एखादा जंतूही महागात जातो. पण तेच दूध घरी आणून दिलं तर उकळून पिईन. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनी ही पाळी घ्यावी. रोज संध्याकाळी एक लिटर, पैसे मंडळी देतील, नको म्हणू नका.

पांढऱ्या पेशींचंच दुसरं. ज्याला सर्दी-ताप आहे त्यानं पाळी बदलून घ्यावी, मला राग येणार नाही. आणि मला 100.4 च्या वर ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला असला तरी रुग्णालय. म्हणून रात्रीसाठी गाडीवाली दोन नावं वेगळी हवीत, फोन उशाशी ठेवणारी. पिऊन झोपणारी नकोत.

एक खुलासा खास बायामंडळींसाठी. आमच्या मावशीनं नातवंडांना सांगितलंय की आजोबांच्या अंगातून किरण बाहेर येतात, मांडीवर बसायचं नाही. तसं नाही. मशीन बाहेरून किरण टाकतं, बटण बंद झालं की किरण संपले. एक्स-रे काढून आलेल्या माणसाला आपण लांब बसवतो का? दोन्ही नातवंडं सुट्टीला येणार आहेत, त्यांना माझ्या मांडीवरून कुणी ओढू नये.

आता सगळ्यात अवघड मागणी. तारखा बघितल्या ना? जून मध्य ते जुलै अखेर. आपली गल्ली कुठं आहे ते वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे आपल्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत काय झालं ते तुम्ही बघितलंय, हायवेसुद्धा बंद होता. 2019 ला तुमच्यातल्याच चौघांनी आमच्या आईला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं होतं. ती शेवटपर्यंत त्या पोरांची नावं घ्यायची.

यंदा पाणी घरात शिरेपर्यंत मला थांबता येणार नाही. बंधाऱ्यावर 35 फूट झालं की मी निघणार. राजारामपुरी, जवाहरनगर, कुठंही उंचावर एक खोली हवी, आठ-पंधरा दिवसांसाठी, जिथून रुग्णालयाचा रस्ता पाण्याखाली जात नाही अशी. संडास आत असावा, बाकी काही नको. कुणाच्या पाहुण्याची बंद खोली असेल तर आत्ता सांगा. पाणी आल्यावर प्रत्येकाचीच धावपळ असते.

जो पाळीला येईल त्याच्यासाठी दोन-तीन गोष्टी. गाडीत तंबाखू नको, मावा नको. उपदेश म्हणून नाही सांगत, त्या वासानं मला अजून तलफ येते. सोडून चाळीस दिवस झाले, आणि उपचार चालू असताना परत सुरू केली तर गुण कमी येतो असं डॉक्टरांनी साफ सांगितलंय. येताना मी बोलणार नाही कदाचित. गाणी लावा, पण हळू. आणि बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या आपापलं तोंड उघडून बघा, आरसा तिथं भिंतीला आहे. पांढरा-लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेलं तोंड, बोटं न मावणं, मानेत गाठ, यातलं काही असलं तर तिथंच दाखवून या. त्यादिवशी मला उशीर झाला तरी चालेल.

वस्ताद, तुम्हाला वेगळं लिहिणार होतो, पण इथंच लिहितो. तुम्ही परवा दारापर्यंत येऊन परत गेलात, मंडळींनी बघितलं. तुमच्यासाठी पाळी नाही. तुम्ही रविवारी या, लाइटला सुट्टी असते. पत्ते आणा.

वही तालमीच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, 1994 च्या ढालीच्या मागं. तारखा मी लेथवरच्या जॉबकार्डासारख्या आखून ठेवल्यात: तारीख, निघायची वेळ, नाव, मोबाईल, गाडी. सोमवारच्या ओळी लाल शाईत, कारण त्या दिवशी सुट्टी काढावी लागेल. शनिवारी रात्री आरतीनंतर मी वही बघायला येणार. आतापर्यंत दोन नावं आहेत, त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं, त्याची गाडी गॅरेजमध्ये आहे. पेनाला सुतळी बांधलीय, कापून नेऊ नका.

तुमचा,
जुना गोलकीपर